जुनी बोट घ्यायचीय: बोरायडर की पॉन्टून? (मिशिगन, दोन मुलं आणि आई-बाबा)

नोव्हीकर

नमस्कार मंडळी. आम्ही डेट्रॉइटजवळ नोव्हीला राहतो. इतकी वर्षं उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या बोटीवर पाहुणे म्हणून जाऊन झालं, यंदा स्वतःची घ्यायचीच असं घरात ठरलंय. नवी परवडणार नाही आणि पहिलीच बोट नवी घेऊ नये असं भेटेल तो सांगतो, म्हणून जुन्या बघतोय. बघता बघता दोन उरल्यात आणि आता रोज रात्री जेवताना हाच विषय.

पहिली म्हणजे २००६ ची बोरायडर (पुढच्या टोकातही सीटं असलेली स्पीडबोट), १९ फुटी, मर्क्रूझरचं ३.० लिटरचं स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, ड्राइव्ह आणि पंखा मागे बाहेर), १३५ हॉर्सपॉवर. मालक म्हणतात चारशेच्या आसपास तास चाललीय. ट्रेलरसकट ८,५०० डॉलर. दिसायला एकदम झकास, पॉलिश मारून ठेवलीय, सीटं नवी शिवलीत. बोटीवरच्या क्षमतेच्या प्लेटवर ७ माणसं लिहिलंय.

दुसरी २०१४ चं पॉन्टून (अॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांवर म्हणजे ट्यूबवर तरंगणारी सपाट तळाची बोट), २० फुटी, दोन ट्यूबचं, मागे बाहेर लावलेलं मर्क्युरीचं ६० हॉर्सपॉवरचं फोरस्ट्रोक आऊटबोर्ड. ट्रेलरसकट १४,९०० सांगतायत. सीटांची शिलाई दोनतीन ठिकाणी उसवलीय, कापड उन्हाने फिकं पडलंय, दिसायला साधीच. प्लेटवर १० माणसं.

आमच्या घरात मी, बायको, मुलगी १० वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. आई-बाबा मे महिन्यात येतायत ते सप्टेंबरपर्यंत राहतील. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालतात व्यवस्थित पण उंच पायरी चढाउतरायला आधार लागतो. आईला पोहता येत नाही, पाण्याची थोडी भीतीच आहे, पण नातवंडं जिथे जातील तिथे तिला यायचं असतं. बायकोला पॉन्टून आवडलीय. मुलीला ट्यूबिंग (बोटीमागे दोराने ओढलेल्या फुगवलेल्या ट्यूबवर बसणं) करायचंय म्हणून तिचं मत बोरायडरला, आणि खरं सांगायचं तर माझा जीवही त्या बोरायडरवरच आलाय.

जायचं कुठे तर जवळ म्हणून केन्सिंग्टनचं केन्ट लेक, मग कॅस लेक, आणि उन्हाळ्यात अधूनमधून लेक सेंट क्लेअर. तळ्याकाठी घर नाही, त्यामुळे दर वेळी हायलँडरला ट्रेलर जोडून न्यायचं आणि परत आणून ड्राइव्ह-वेमध्ये ठेवायचं.

अजून एक. बोरायडरवाले म्हणतात बोट हिवाळ्यासाठी बंद करून ठेवलेली आहे त्यामुळे आत्ता पाण्यात टाकून दाखवता येणार नाही, पण घरीच नळाचा पाइप लावून इंजिन चालू करून दाखवतो. रविवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय म्हणे, त्याआधी सांगा. असं घेणं बरोबर आहे का? तुम्ही काय केलं असतं?

ट्रेलरवाला_ग्रँडरॅपिड्स

बोटीचं नंतर बोलू, आधी गाडीचं सांगा. हायलँडर कुठली आहे, साधी व्ही-सिक्स की हायब्रिड? साधीला टोइंगची तयारी असेल तर ५,००० पाउंड ओढते, हायब्रिडला ३,५०० च. या एका आकड्यावर तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आहे.

हिशोब करून बघा. १९ फुटी बोरायडर नुसती कोरडी २,५०० च्या पुढेच भरते. ट्रेलरचे ७००-८०० धरा. पेट्रोल गॅलनला साधारण ६ पाउंड, म्हणजे २५ गॅलनची टाकी भरली की दीडशे. बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेटं, कूलर, ट्यूब हे सगळं धरलं की ३,७००-३,८०० होतातच. जाहिरातीत लिहितात तो कोरडा आकडा असतो, त्यावर विश्वास ठेवून कुणी गाडी जोडू नये.

आणि गाडीत माणसं किती बसणार? तुम्ही सहा जण. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हिचवर (ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या हुकावर) म्हणजे गाडीवरच येतो, त्यात सहा माणसं आणि मागे सामान, ड्रायव्हरच्या दारावर स्टिकर असतं त्यावर गाडीत एकूण किती वजन चालेल ते लिहिलंय ते वाचा. मला वाटतं आई-बाबा असतील त्या दिवशी दोन गाड्याच न्याव्या लागतील.

आणि केन्ट लेकवर १० मैलांची वेगमर्यादा आहे हे माहितीय ना? तिथे ट्यूबिंग विसरा, तिकडे फक्त निवांत फिरणं.

नोव्हीकर

हायब्रिड आहे. स्टिकर आत्ता जाऊन पाहिलं, मॅन्युअलही काढलं, टोइंग ३,५०० च. हिच बाहेरून बसवून घेतलाय आणि त्या हिचवर मात्र ५,००० लिहिलंय, मग कुठला आकडा धरायचा?

ट्रेलरवाला_ग्रँडरॅपिड्स

जो लहान तो. हिच तुटणार नाही एवढंच तो आकडा सांगतो. ओढायचं आणि थांबवायचं काम गाडीचं आहे, आणि ओढण्यापेक्षा थांबवणं जास्त महत्त्वाचं. आय-९६ वर पुढचा अचानक ब्रेक मारतो तेव्हा मागचे पावणेचार हजार पाउंड तुमच्या मुलांना ढकलत असतात.

पॉन्टूनही अंदाजावर घेऊ नका. बोट आणि मोटर मिळून २,१००-२,२०० आणि पॉन्टूनचा ट्रेलर जड असतो, हजाराच्या आसपास. म्हणजे ३,५०० च्या आत पण जवळ. मालकाला सांगून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर वजन करा, दहावीस डॉलरचं काम, कागद हातात येतो. शिवाय पॉन्टून ओढताना वजनापेक्षा वारा त्रास देतो, वरचं बिमिनी म्हणजे कापडी छत काढून किंवा घट्ट बांधूनच हायवेला लागायचं.

लेनियरकाठी

मी जॉर्जियात लेक लेनियरजवळ राहते, आमच्याकडे पॉन्टूनच आहे आणि माझे सासू-सासरे दर वर्षाआड येतात, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

तुमच्या बाबांचा गुडघा डोळ्यासमोर आणा आणि मग दोन्ही बोटी बघा. बोरायडरमध्ये शिरायचं म्हणजे धक्क्यावरून बोटीच्या काठावर पाय, तिथून सीटवर, सीटवरून खाली, आणि हे सगळं बोट हलत असताना. तरुण माणसाला काही वाटत नाही. सत्तरीच्या माणसाचा एक पाय धक्क्यावर आणि एक बोटीवर असताना बोट फूटभर सरकली की काय होतं ते मी पाहिलंय, सुदैवाने दोघांनी धरलं म्हणून निभावलं. पॉन्टूनला बाजूला दार असतं, तळ सपाट, धक्क्याच्या जवळपास एका पातळीला, आमच्या सासूबाई साडी नेसून चालत आत येतात आणि सोफ्यावर बसतात. आईंची भीती पण इथेच निम्मी जाते कारण चारी बाजूंनी कठडा असतो आणि बोट एका अंगाला सहजासहजी कलंडत नाही.

दुसरं, सावली. बोरायडरवरचं छत लहानसं असतं, पुढे बसणाऱ्याच्या डोक्यावर ऊनच. तिसरं म्हणजे बाथरूम, हे पुरुषमंडळी विचारातच घेत नाहीत. चार तास पाण्यावर काढायचे तर वयस्कर माणसं सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि उन्हात ते किती वाईट. बऱ्याच पॉन्टूनमध्ये कोपऱ्यात कपडे बदलायला पडद्याची जागा असते, तिथे पोर्टेबल टॉयलेट ठेवता येतं. तुमच्या बोटीत ती सोय आहे का बघा, नसेल तर तासादीडतासाने काठावर यायचं असंच ठरवून निघा.

आता पॉन्टूनचे धोके पण नीट सांगते, कारण ती सुरक्षित वाटते म्हणून लोक ढिले पडतात. पुढच्या दाराबाहेर जो ओटा असतो ना, मुलांना तिथे पाय सोडून बसायला फार आवडतं. बोट चालू असताना तिथे कुणीही बसायचं नाही, अजिबात नाही. बोट जरा हळू केली की पुढे वाकते, मूल पाण्यात पडतं आणि बोट त्याच्या अंगावरून जाते, पंखा मागून येतो. दार बंद असल्याशिवाय गिअर टाकायचाच नाही हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो पाहुण्यांनाही लागू. पोहायला उतरायच्या आधी इंजिन पूर्ण बंद, नुसतं न्यूट्रल नाही. चालू इंजिनच्या मागे शिडीवर कुणाला बसू द्यायचं नाही, तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. हे बोरायडरला तर जास्तच लागू, कारण तिचा मागचा स्विम प्लॅटफॉर्म बरोबर एक्झॉस्टच्या डोक्यावर असतो.

मुलीला सांगा ६० च्या मोटरवर दहा वर्षांच्या एका मुलीचं ट्यूबिंग मजेत होतं. मोठ्या माणसाला ओढून झटके द्यायला ती कमी पडेल, पण तिला हवं तेवढं मिळेल. बोटीत त्या दिवशी माणसं कमी ठेवा म्हणजे झालं.

विंडसरवरून

मी लेक सेंट क्लेअरच्या दक्षिण काठाला, ओन्टारियोच्या बाजूला राहतो, त्यामुळे फक्त त्या तळ्यापुरतं बोलतो. वर सगळं पॉन्टूनच्या बाजूने चाललंय ते घरच्या माणसांच्या दृष्टीने बरोबरच आहे, पण दोन ट्यूबचं पॉन्टून घेऊन सेंट क्लेअरच्या मध्यावर जायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

हे तळं दिसतं तेवढं साधं नाही. साधारण ४३० चौरस मैल पसारा आणि सरासरी खोली जेमतेम ११ फूट. मोठ्या जहाजांसाठी मधून खोल कालवा खणून ठेवलाय, बाकी सगळं उथळ. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा उंच कमी पण एकामागून एक, अंतरच नाही मध्ये, आणि उभ्या. खोल समुद्रात बोट लाटेवर चढते आणि उतरते, इथे चढायच्या आधीच दुसरी लाट येऊन थडकते. पॉन्टूनचा पुढचा भाग सपाट, तो लाटेत घुसला तर पाणी सरळ डेकवर येतं आणि पुढच्या सोफ्यावर आई बसलेली असणार. वायव्येकडून वारा असला की तुमच्या काठाला पाणी शांत दिसतं आणि आमच्या काठाला येईपर्यंत तेच पाणी खवळलेलं असतं, म्हणजे तुम्ही निघताना फसता. वरून मालवाहू जहाजांच्या लाटा वेगळ्या.

१९ फुटी बोरायडरचा तळ व्ही आकाराचा, ती लाट कापते, त्यामुळे सेंट क्लेअरवर ती नक्कीच जास्त बरी. तीसुद्धा वारा कमी असलेल्या सकाळीच. म्हणून मी तुम्हाला उलट विचारतो, सेंट क्लेअर तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे? अधूनमधून म्हणजे वर्षाला दोनदा असेल तर त्यासाठी बोट निवडू नका, त्या दोन दिवसांसाठी भाड्याने घ्या किंवा मित्राच्या बोटीवर जा. दर शनिवारी तिकडेच जायचं असेल तर पॉन्टून घेऊ नका, आणि मग गाडी पण बदला.

जुनं_इंजिन

ट्रॉयमधून. गाड्यांच्या इंजिनात आयुष्य गेलं आणि बोटींची दुरुस्ती हौसेने करतो, म्हणून त्या बोरायडरच्या मालकाच्या बोलण्याबद्दल लिहितो.

पहिल्यांदा हे सांगतो की ते ३.० लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन वाईट नाही, साधं आहे, पार्ट मिळतात, घरी काम करता येतं. आई-बाबा नसते आणि गाडी दमदार असती तर मी म्हटलं असतं बघा ती बोट. पण नळाचा पाइप लावून चालू करून दाखवतो यावर ८,५०० डॉलर द्यायचे नाहीत. पाइपवर इंजिनला काही कामच नसतं, ते गुणगुणत राहतं. गिअर नीट पडतो का, भार आल्यावर तापतं का, पूर्ण थ्रॉटलला फेरे किती जातात, तळातून पाणी येतं का, हे फक्त पाण्यातच कळतं. त्या इंजिनने पूर्ण थ्रॉटलला ४,४०० ते ४,८०० आरपीएम दाखवायला हवेत. चार हजारालाच अडकलं तर इंजिन थकलंय, किंवा पंखा चुकीचा, किंवा बोटीने तळातल्या फोममध्ये पाणी पिऊन वजन वाढवलंय.

मिशिगनमध्ये जुन्या स्टर्नड्राइव्हचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे थंडी. इंजिन तळ्याच्याच पाण्याने थंड होतं, ते पाणी हिवाळ्याआधी ब्लॉकमधून काढलं नाही तर त्याचा बर्फ होतो आणि ओतीव लोखंड फाटतं. कधी बाहेरून फाटतं आणि दिसतं, कधी आतून. मग कुणीतरी बाहेरून इपॉक्सी लावून रंग मारतं. म्हणून टॉर्च घेऊन ब्लॉकच्या दोन्ही बाजू बघा, नवा रंग फक्त एकाच ठिकाणी असेल तर का ते विचारा. डिपस्टिक काढून तेल बघा, दुधाळ चहासारखं दिसलं तर तिथूनच परत फिरा. आणि तुम्ही पोचायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नका असं मालकाला आधीच सांगा, थंड इंजिन कसं चालू होतं तेच तर बघायचंय.

मग मागचा ड्राइव्ह. तिथे रबराचे बेलोज असतात, ते काही वर्षांनी बदलावेच लागतात. फाटले तर बेअरिंगमध्ये पाणी जातं, आणि फारच दुर्लक्ष झालं तर बोटीत. शेवटचे कधी बदलले, बिल आहे का विचारा. बिल नसेल तर बदललेले नाहीत असं समजून भावात धरा. ड्राइव्ह डावीउजवीकडे पूर्ण वळवून चालू केल्यावर घरघर ऐकू आली तर गिंबल बेअरिंग गेलंय. मागची भिंत म्हणजे ट्रान्सम, आत प्लायवूड असतं, प्लास्टिकच्या हातोडीने सगळीकडे ठोकून बघा, टणक आवाज येता येता मध्येच भद्द आवाज आला की लाकूड कुजलंय. ड्राइव्हवर वजन टाकून खालीवर हलवा, भिंत हलता कामा नये. पॉलिश आणि नव्या सीटा यांच्यावर जाऊ नका. वीस वर्षांच्या आसपासची बोट विकायची असली की मालक आधी तिथेच खर्च करतो कारण गिऱ्हाईक तेच बघतं.

आणि रविवारचं गिऱ्हाईक. येऊ दे त्याला. एप्रिलमध्ये सगळ्यांनाच घाई असते, म्हणून भावही आत्ताच चढे. केन्ट लेकवरचा बर्फ कधीच गेलाय, विंटराइझ केलेली बोट पाण्यात टाकता येत नाही असं काही नसतं, फार तर परत अँटीफ्रीझ भरायचा खर्च येईल, तो तुम्ही देतो म्हणा. तरीही नाही म्हणाले तर तुम्हाला उत्तर मिळालं.

दर वर्षीच्या खर्चाचंही बघा. स्टर्नड्राइव्ह हिवाळ्यासाठी तयार करायला ब्लॉक रिकामा करणं, अँटीफ्रीझ, तेल, फॉगिंग (इंजिनात आतून संरक्षक तेल फवारणं) असं सगळं, दुकानात दिलं तर काही शे डॉलर. आऊटबोर्ड उभं ठेवलं की पाणी आपोआप निघून जातं, खालचं गिअर ऑइल बदला, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर टाका, बॅटरी काढा, काम झालं. शिवाय स्टर्नड्राइव्हचं इंजिन डब्याच्या आत बंद असल्याने पेट्रोलची वाफ साचू शकते, दर वेळी चालू करण्याआधी ब्लोअर (ती वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालवायचाच. नवशिक्याकडून हे राहून जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मालवणचो

आमी मालवणात, अमेरिकेतल्या तळ्यांचं काही माहीत नाही पण ओबीएमवर (आऊटबोर्ड मोटरवर) रोजचं काम आहे, टुरिस्ट सीझनला दिवसभर चालते. साठची फोरस्ट्रोक मोटर असेल तर या गोष्टी बघा.

चालू केल्यावर मागून पाण्याची धार येते ती जोरात आणि सलग हवी. थेंबथेंब किंवा तुटक येत असेल तर इंपेलर (पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी चक्र) गेला किंवा कचरा अडकलाय, तसंच चालवली तर मोटर तापून बसते. खालच्या गिअरचा स्क्रू जरासा सैल करून ऑइल बघा, दुधासारखं पांढरट आलं की सील गेलंय आणि पाणी आत गेलंय. पंखा काढायला लावा, शाफ्टला मासेमारीची तंगूस गुंडाळलेली असते बऱ्याचदा, तीच सील कापते. प्लग चारही काढून रंग सारखा आहे का बघा, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं हवं, एकाचं फार कमी असेल तर सोडा ती मोटर. टिल्टने मोटर पूर्ण वर करून दहा मिनिटं ठेवा, हळूहळू खाली येते का बघा.

आमच्याकडे खाऱ्या पाण्यात रोज गोड्या पाण्याने फ्लश केली नाही तर मोटर दोन वर्षांत खाते. तुमची तळी गोडी आहेत म्हणजे निम्मी काळजी कमी, पण ही बोट आधी कुठे होती ते विचारा. समुद्रावरून आणलेली असेल तर स्क्रू आणि ब्रॅकेटवर पांढरी भुकटी दिसेलच.

आणि आईंसाठी एक. पाण्याची भीती असलेल्या माणसाला पहिल्या दिवशी लांब न्यायचं नाही. आम्ही अशा लोकांना आधी काठाजवळच दहापंधरा मिनिटं फिरवतो, मोटर हळू, आणि तांडेलाच्या शेजारी बसवतो म्हणजे काय चाललंय ते त्यांना दिसतं. नंतर तेच अजून पुढे चला म्हणतात.

नोव्हीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून घेऊन गेलो होतो.

बोरायडरवाल्यांना विचारलं की अँटीफ्रीझचा खर्च आम्ही देतो, एकदा कॅस लेकवर टाकून दाखवा. आधी बघतो म्हणाले, मग दुसऱ्या दिवशी जमणार नाही असा मेसेज. बेलोजचं बिल नाही. तिथेच विषय संपवला, वाईट वाटलं, पण वजनामुळे ती माझ्या गाडीला जमणारच नव्हती.

पॉन्टूनवाले काका एकदम सज्जन निघाले, स्वतःच म्हणाले पाण्यात टाकल्याशिवाय घेऊ नका. कॅट स्केलवर ट्रेलरसकट ३,१२० आलं, टाकी अर्धी होती. काल कॅस लेकला डॉज नंबर ४ पार्कच्या रँपवरून उतरवली. धार व्यवस्थित, गिअर ऑइल स्वच्छ, थंड असताना एका झटक्यात चालू झाली, पूर्ण थ्रॉटलला ५,७०० आरपीएम. बायको आणि मुलगी दोघी होत्या, मुलीने ट्यूबचा दोर कुठे बांधायचा तेच आधी शोधून काढलं.

दोन गोष्टी खटकल्या. डाव्या ट्यूबला पुढे हाताच्या पंजाएवढा पोचा आहे. आणि मागच्या दाराजवळ डेक पायाखाली जरा दबतो, कार्पेट आहे त्यामुळे आत दिसत नाही. हे किती गंभीर? किती कमी करायला सांगू? आणि कागदपत्रांचं आणि मुलांच्या लाइफ जॅकेटचं पण सांगा.

जुनं_इंजिन

६० च्या मर्क्युरीला ५,५०० ते ६,००० पाहिजेत, म्हणजे ५,७०० उत्तम. मर्क्युरीच्या डीलरकडे संगणक जोडून इंजिनचे खरे तास काढता येतात, कुठल्या वेगाला किती चालली तेही दिसतं, ते करून घ्या.

ट्यूबला नुसता पोचा असेल तर काही होत नाही, पण वेल्डच्या रेषेवर असेल तर सोडू नका. बोट तासभर पाण्यात ठेवून एक बाजू खाली बसतेय का बघा. ट्रेलरवर असताना ट्यूब हाताने ठोकत जा, आत पाणी असेल तर तिथे आवाज बदलतो.

डेक दबतोय म्हणजे खालचं प्लायवूड भिजलंय. पॉन्टूनमध्ये हे जीवघेणं नाही, डेक खाली अॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांवर बसवलेला असतो, खराब तुकडा कापून नवीन मरीन प्लाय टाकता येतो. पण खालून वाकून बघा किती पसरलंय. दाराजवळच्या दोन फुटांपुरतं असेल तर दुकानाकडून लेखी अंदाज घ्या आणि तेवढे पैसे भावातून कमी करायला सांगा, मनाने आकडा लावू नका. सोफ्याखाली गेलेलं असेल तर सगळं फर्निचर काढावं लागतं आणि मजुरी तिथेच वाढते. १४,९०० चा सौदा आहे, शंका राहिली तर सॅम्स किंवा नॅम्स या बोट-तपासनीसांच्या संघटनांचा सर्व्हेअर बोलवा, फुटामागे वीसपंचवीस डॉलर घेतात. विमा कंपनीही कधीकधी तो रिपोर्ट मागते.

लेनियरकाठी

जॅकेट मुलांच्या वयावर नाही, वजनावर घ्यायचं. ३० ते ५० पाउंडाचं वेगळं, ५० ते ९० चं वेगळं. घालून बकल लावून खांद्याला धरून वर उचला, हनुवटी आणि कान आत गेले तर मोठं आहे, वाढत्या अंगाचं म्हणून घेऊ नका. लहानग्याचं असं घ्या की पायांमधून पट्टा येतो आणि मागे मानेला आधार असतो. मिशिगनचा कायदा ६ वर्षांखालच्या मुलाने उघड्या डेकवर घातलंच पाहिजे असा आहे, पण तुम्ही दोन्ही मुलांना आणि आईंना पहिल्यापासूनच घाला, आजी घालते म्हटल्यावर नातू कटकट करत नाही. आईंना फुगणारं जॅकेट घेऊ नका, ज्याला पोहता येत नाही त्याला फोमचंच.

ट्रेलरवाला_ग्रँडरॅपिड्स

वजन छान आलं. टाकी भरून, सामान टाकून ३,३०० च्या आत राहील असं बघा, कूलर आणि ट्यूब दुसऱ्या गाडीत टाका.

कागदांचं असं. मिशिगनमध्ये २० फुटांची बोट असल्याने टायटल (मालकीचा कागद) लागतं, ते विकणाऱ्याच्याच नावावर आहे का आणि त्यावर कर्ज नोंदलेलं आहे का बघा. बोटीच्या मागे उजव्या बाजूला १२ अक्षरं-आकड्यांचा एचआयएन (बोटीचा ओळख क्रमांक) असतो, शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष, ते टायटलशी जुळवा. ट्रेलरचे कागद वेगळे असतात ते मागायला विसरू नका. किमतीवर ६ टक्के कर सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात नावावर करताना भरायचा, तो बजेटमध्ये धरा.

बोटिंग सेफ्टीचं सर्टिफिकेट कायद्याने ३० जून १९९६ नंतर जन्मलेल्यांनाच लागतं, पण कोर्स ऑनलाइन आहे, तुम्ही दोघांनीही करा. एकच माणूस बोट चालवू शकतो आणि तोच पाण्यात पडला तर बाकीच्यांनी काय करायचं? त्यात इथले नियमही कळतात, जसं की मिशिगनच्या तळ्यांवर शक्यतो घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं, ट्यूब ओढताना चालवणाऱ्याशिवाय बघणारा दुसरा माणूस बोटीत हवा. किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला लावायची सवय पहिल्या दिवसापासून. आणि रँपवरून निघण्याआधी प्लग काढून पाणी सोडून, तण झटकून निघायचं, तोही कायदा आहे.

ट्रेलरचे टायर बघितलेत का? त्याबद्दल कुणीच विचारलं नाही.

नोव्हीकर

नाही, नुसते वरून पाहिले, नक्षी छान आहे, नवेच वाटतात.

ट्रेलरवाला_ग्रँडरॅपिड्स

नक्षीवर जाऊ नका, ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उन्हात उभे राहून म्हातारे होतात. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. म्हणजे १२१४ असेल तर २०१४ चा बारावा आठवडा, बोटीबरोबर आलेलेच टायर. तसं असेल तर घरी आणण्याआधी बदला, सगळे, आणि एक स्पेअर घ्या. टायरवर एसटी (ट्रेलरचा खास टायर) लिहिलेलं असायला हवं, कारचे चालणार नाहीत. चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवा, खरखर लागली तर बेअरिंगला नवं ग्रीस किंवा नवी बेअरिंग. दिवे रँपवर पाण्यात बुडतात म्हणून तेही तपासा. नंबर बघून इथे टाका, मग पुढचं सांगतो.

नोव्हीकर

आत्ता काकांना फोटो पाठवायला सांगितला. तीन टायरवर २२१३, एकावर ०९१९. डेकचा अंदाज घेऊन आणि टायरचे पैसे धरून शनिवारी त्यांच्याशी भावाचं बोलतो.